फुलसावंगीचा कापूस आणि पेट्रापोलचे फाटक

यवतमाळ जिल्ह्याच्या महागाव तालुक्यात, पैनगंगेच्या खोऱ्यात फुलसावंगी हे गाव वसले आहे. कापूस, सोयाबीन आणि तूर ही या पट्ट्याची खरिपाची पिके. ओलिताची सोय असेल तेथे हळद आणि ऊस. दिवाळीच्या आगेमागे पहिली वेचणी होते, घरात कापसाचा ढीग लागतो आणि मग भावाची वाट पाहणे सुरू होते. हा भाव महागावात ठरत नाही आणि यवतमाळातही नाही. न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात कापसाचा सौदा कितीला झाला, ढाका आणि नारायणगंज परिसरातील गिरण्यांनी किती मागणी नोंदविली आणि दिल्लीतून कोणती अधिसूचना निघाली, या तीन गोष्टींचा हिशेब करून खेडा खरेदीला आलेला व्यापारी आकडा सांगतो. यांपैकी पहिल्या गोष्टीवर कोणाचाही ताबा नाही. उरलेल्या दोन मात्र शेजारी देशांच्या आपापसातील वागणुकीवर अवलंबून आहेत, आणि ती वागणूक सुरळीत राहावी म्हणूनच प्रादेशिक व्यापारी संघटना स्थापन झालेल्या आहेत.

त्या किती उपयोगी पडतात, याचा एक धडा एप्रिल २०२५ मध्ये मिळाला. ४ एप्रिल रोजी बँकॉक येथे बंगालच्या उपसागराभोवतीच्या सात देशांच्या ‘बिमस्टेक’ संघटनेची सहावी शिखर परिषद झाली. सदस्य देशांनी सागरी वाहतुकीतील सहकार्याचा करार केला. पंतप्रधान नरेंद्र मोदी आणि बांगलादेशच्या तत्कालीन हंगामी सरकारचे प्रमुख मुहम्मद युनूस यांची भेटही तेथेच झाली. त्यानंतर चारच दिवसांनी भारताने बांगलादेशी मालाला भारतीय बंदरे व विमानतळांतून तिसऱ्या देशात जाण्यासाठी २०२० पासून दिलेली सवलत काढून घेतली. त्याच महिन्याच्या मध्यास बांगलादेशने भारतीय सुताची भूसीमेवरील ठाण्यांतून होणारी आयात बंद केली. १७ मे रोजी भारताने उत्तर दिले. बांगलादेशी तयार कपड्यांना भूसीमेवरील ठाणी बंद झाली आणि न्हावा शेवा व कोलकाता ही दोनच बंदरे खुली राहिली. परिषदेतील हस्तांदोलनाला दीड महिना होण्यापूर्वी तीन दरवाजे बंद झाले होते.

सुताची आयात थांबल्याने फुलसावंगीच्या शेतकऱ्याचे काय बिघडते, असा प्रश्न शहरी वाचकाला पडणे स्वाभाविक आहे. शेतकरी सूत विकत नाही, सरकीसह कापूस विकतो. एक क्विंटल कापूस जिनिंगमध्ये गेला की सुमारे चौतीस किलो रुई निघते, बाकीची सरकी. १७० किलो रुईची एक गाठ होते, म्हणजे ढोबळ मानाने पाच क्विंटल कापसाची एक गाठ. ती गाठ एक तर तशीच परदेशी जाते किंवा तमिळनाडू, गुजरात, महाराष्ट्रातील सूतगिरण्यांत जाते. या गिरण्यांच्या सुताचा सर्वांत मोठा परदेशी ग्राहक अलीकडे बांगलादेश राहिला आहे. गिरणीचे सूत गोदामात अडकले की ती पुढच्या गाठी घेत नाही, जिनिंगवाला कापूस घेताना हात आखडता घेतो आणि अखेर ओसरीतल्या ढिगाचा भाव उतरतो. पेट्रापोलचे फाटक आणि महागाव तालुका यांच्यामध्ये हजाराहून अधिक किलोमीटरचे अंतर असले तरी या साखळीत कोठेही खंड नाही.

प्रादेशिक सहकार्याची चर्चा आपल्याकडे बहुधा आयात शुल्कापाशी सुरू होते आणि तेथेच संपते. कोणत्या वस्तूवरील शुल्क किती टक्क्यांनी घटले, संवेदनशील यादीतून किती वस्तू वगळल्या, यांवर परिषदांच्या निवेदनांची पाने भरतात. परंतु विदर्भाच्या शेतमालाचा गेल्या दीड दशकाचा अनुभव तपासला, तर नुकसानीचे मुख्य कारण शुल्काची उंची हे दिसत नाही. शुल्क आणि बंदी कोणत्याही दिवशी, कोणतीही सूचना न देता बदलतात, हे ते कारण आहे. दक्षिण आशियातील एकाही व्यापारी संघटनेला हे रोखता आलेले नाही, आणि खरे तर तिच्यावर ते काम कोणी सोपविलेलेही नाही.

फाटक बंद असण्याची किंमत या भागाला नवी नाही. महाराष्ट्रात १९७२ पासून एकाधिकार कापूस खरेदी योजना लागू झाली. राज्यात पिकलेला कापूस राज्याच्या यंत्रणेलाच विकायचा, बाहेर न्यायचा नाही, असा तो कायदा होता. हेतू वाईट नव्हता. व्यापाऱ्याच्या तावडीतून शेतकऱ्याला सोडविण्याची ती योजना होती आणि मंदीच्या वर्षांत तिने आधारही दिला. पण आदिलाबादच्या बाजारात भाव चढा असे तेव्हा सीमेवरील जिल्ह्यांतून रातोरात गाड्या पलीकडे जात, नाक्यांवर पकडल्या जात, सुटतही. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने राज्याची सीमा ओलांडून कापूस नेण्याची आंदोलने केली ती याच कारणाने. नव्वदच्या दशकाच्या प्रारंभी डंकेल प्रस्तावाविरुद्ध देशभर काहूर उठले असताना जोशी त्या प्रस्तावाच्या बाजूने उभे राहिले, याचे पुण्या-मुंबईतील अनेकांना नवल वाटले होते. ज्यांनी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात कापूस नेण्यासाठी मार खाल्ला, त्यांना त्यात नवल वाटण्यासारखे काही नव्हते. पुढे २००२ च्या सुमारास एकाधिकार योजना सैल झाली आणि राज्याचे फाटक उघडले. तोवर प्रश्न देशाच्या फाटकाचा झाला होता.

दक्षिण आशियाई प्रादेशिक सहकार्य संघटना, म्हणजे ‘सार्क’, ८ डिसेंबर १९८५ रोजी ढाका येथे स्थापन झाली. व्यापाराकडे वळायला तिला आठ वर्षे लागली. १९९३ मध्ये प्राधान्य व्यापार करार झाला आणि तो १९९५ च्या अखेरीस अमलात आला. त्यापुढचे पाऊल, मुक्त व्यापार क्षेत्राचा ‘साफ्टा’ करार, जानेवारी २००४ मध्ये इस्लामाबादच्या परिषदेत झाला आणि १ जानेवारी २००६ पासून लागू झाला. भारताने या करारात हात आखडला, असे म्हणता येणार नाही. नोव्हेंबर २०११ मध्ये मालदीवमधील परिषदेत भारताने अतिमागास देशांसाठीची संवेदनशील यादी ४८० वस्तूंवरून २५ वर आणली. मद्य आणि तंबाखू सोडल्यास बांगलादेश, नेपाळ, भूतान यांच्या जवळपास सर्व मालाला भारताची बाजारपेठ शुल्काविना खुली झाली. तिरुपूरच्या कापड उद्योगाने त्यावर ओरड केली, पण निर्णय टिकला.

इतके करूनही जागतिक बँकेच्या २०१८ च्या अहवालानुसार दक्षिण आशियाच्या एकूण व्यापारात शेजाऱ्यांशी होणाऱ्या व्यापाराचा वाटा जेमतेम ५ टक्के होता. आग्नेय आशियातील ‘आसियान’ देशांत तो सुमारे एक-चतुर्थांश आहे. एखाद्या भारतीय कंपनीला शेजारी देशापेक्षा ब्राझीलशी व्यापार करणे २० टक्क्यांनी स्वस्त पडते, असेही जागतिक बँकेने म्हटले आहे. राजकीय वैर हे याचे एक उघड कारण. सार्कची शेवटची शिखर परिषद नोव्हेंबर २०१४ मध्ये काठमांडू येथे झाली. २०१६ ची इस्लामाबाद परिषद उरीच्या हल्ल्यानंतर रद्द झाली आणि संघटना तेथेच थिजली. भारत-पाकिस्तान व्यापाराची गोष्ट तर कापसावाचून पूर्ण होत नाही. ३१ मार्च २०२१ रोजी पाकिस्तानच्या आर्थिक समन्वय समितीने भारतातून साखर, कापूस आणि सूत आणण्यास मंजुरी दिली. दुसऱ्याच दिवशी तेथील मंत्रिमंडळाने ती रोखून धरली. पाकिस्तानच्या गिरण्यांना कापूस हवा होता, तो वाघ्यापलीकडे उपलब्ध होता, आणि तरीही मंजुरी चोवीस तास टिकली नाही.

मात्र सगळा दोष वैरावर ढकलणे सोयीचे असले तरी खरे नाही. बांगलादेशाशी भारताचे संबंध उत्तम होते त्या काळातही फाटके बंद झाली, आणि ती बंद करण्यात भारताचा पुढाकार होता.

एप्रिल २०१० मध्ये देशातील गिरण्यांना कापूस महाग पडू लागला म्हणून केंद्राने निर्यात सौद्यांची नोंदणी थांबविली. ५ मार्च २०१२ रोजी याहून मोठा धक्का बसला. निर्यातयोग्य शिल्लक ८४ लाख गाठींची धरलेली असताना ९४ लाख गाठी बाहेर गेल्या, असे कारण देऊन कापूस निर्यातीवर एका रात्रीत बंदी घालण्यात आली. हंगामाचा उत्तरार्ध होता, शेतकऱ्यांच्या घरात कापूस शिल्लक होता. तेव्हाचे केंद्रीय कृषिमंत्री शरद पवार यांनी आपल्याला न विचारता हा निर्णय झाल्याची जाहीर तक्रार केली. गुजरातमधूनही विरोध झाला. आठवडाभरात बंदी मागे घेण्याची घोषणा झाली, आणि गंमत अशी की ते वर्ष संपता संपता भारताची कापूस निर्यात १ कोटी २५ लाख गाठींच्या पुढे गेली होती. म्हणजे बंदीने कापूस अडला नाही. अडला तो विश्वास.

बांगलादेशात कापूस नावापुरता पिकतो. तेथील निर्यातीच्या उत्पन्नात तयार कपड्यांचा वाटा ऐंशी टक्क्यांच्या वर आहे आणि त्या कपड्यांसाठी लागणारी रुई जवळपास सगळी बाहेरून येते. तिच्यावर शुल्क लावून स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेण्याचे त्या देशाला कारण नाही. त्यामुळे कच्च्या कापसापुरता साफ्टाच्या शुल्ककपातीचा फारसा प्रश्नच उद्भवत नव्हता. ढाक्याच्या गिरणीमालकाला हमी हवी होती ती ठरलेल्या गाठी ठरलेल्या महिन्यात पोहोचण्याची. नागपूर-अकोल्याकडची गाठ रेल्वेने किंवा ट्रकने काही दिवसांत पोहोचू शकते, ब्राझील वा पश्चिम आफ्रिकेची गाठ जहाजाने यायला कित्येक आठवडे लागतात. जवळच्या विक्रेत्याला असलेला हा नैसर्गिक फायदा आहे. पण जवळचा विक्रेता केव्हा दुकान बंद करील याचा भरवसा नसेल, तर शहाणा ग्राहक लांबच्या दुकानात खाते उघडून ठेवतो. बांगलादेशच्या गिरण्यांनी तेच केले. बेनिन, माली, बुर्किना फासो, ब्राझील आणि अमेरिका यांच्याशी त्यांनी कायमचे व्यवहार जुळविले. २०११-१२ मधील त्या विक्रमी निर्यातीच्या तुलनेत २०२४-२५ मध्ये भारताबाहेर गेलेला कापूस २० लाख गाठींच्याही खाली होता. याला देशातील घटलेले उत्पादन, गुलाबी बोंडअळी आणि चीनने कमी केलेली खरेदी हीही कारणे आहेत. सगळे खापर एका बंदीवर फोडता येणार नाही. पण हातचा गेलेला ग्राहक परत आणणे किती अवघड असते, हे व्यापार करणाऱ्या कोणालाही सांगावे लागत नाही.

दुसऱ्या बाजूचा, म्हणजे आयातीचा अनुभवही तसाच. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्राने कापसाच्या आयातीवर एकूण ११ टक्के शुल्क लावले. देशात भाव भडकताच एप्रिल २०२२ मध्ये ते काही महिन्यांसाठी उठविले. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्क्यांपर्यंत शुल्क चढविले, तेव्हा अडचणीत आलेल्या कापड उद्योगाला दिलासा म्हणून १९ ऑगस्टपासून पुन्हा शुल्कमाफी आली. आधी ती ३० सप्टेंबरपर्यंत होती, दहाच दिवसांत ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढविली गेली. म्हणजे नेमका वेचणीचा आणि विक्रीचा काळ. फुलसावंगीच्या शिवारात जूनमध्ये सरकी टोबली गेली तेव्हा आयात शुल्क ११ टक्के होते. बोंडे फुटली तेव्हा शून्य. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव त्या हंगामासाठी क्विंटलला ८,११० रुपये जाहीर झाला होता. खासगी बाजार त्याच्या खालीच राहिला आणि ज्याला कापूस महामंडळाच्या केंद्राची नोंदणी, ओलाव्याची अट आणि रांग परवडली त्यालाच हमीभाव मिळाला. कापड गिरणीची अडचण खोटी नव्हती. पण दोन अडचणींपैकी कोणती आधी सोडवायची, हे पेरणीनंतर ठरावे यात अन्याय आहे.

कांद्याच्या बाबतीत हा खेळ आणखी उघडपणे झाला. सप्टेंबर २०१९, सप्टेंबर २०२० आणि डिसेंबर २०२३ अशी तीनदा निर्यातबंदी आली. ऑक्टोबर २०१९ मध्ये दिल्लीत आलेल्या बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना यांनी, आपण स्वयंपाक्याला कांद्याशिवाय रांधायला सांगितले आहे, असा टोमणा भर सभेत मारला आणि पुढच्या वेळी आधी कळवा, असे सुचविले. सभागृह हसले. वर्षभरात पुन्हा बंदी आली तेव्हा आधी कळविले गेले नव्हते. बांगलादेशने यातून धडा घेतला. स्वतःचा कांदा वाढविण्यावर भर दिला आणि भारतीय मालावर शुल्काचे हत्यार उगारले. विदर्भाला त्याचा चटका संत्र्यात बसला. वरुड-मोर्शीच्या संत्र्याचा बांगलादेश हा सर्वांत मोठा परदेशी ग्राहक. २०१९ मध्ये किलोमागे सुमारे २० टका असलेले तेथील आयात शुल्क २०२३ पर्यंत ८८ टक्यांवर गेले. झाडावरचा संत्रा काही सुताप्रमाणे गोदामात थांबत नाही. अखेर महाराष्ट्र सरकारने शुल्काच्या निम्म्या रकमेइतके अनुदान निर्यातीसाठी जाहीर केले. एका देशाने बसविलेला कर दुसऱ्या देशातील राज्याच्या तिजोरीने भरायचा, हा प्रादेशिक सहकार्याचा विलक्षण प्रकार म्हणावा लागेल.

साफ्टाचा फुलसावंगीला थेट जाणवणारा परिणाम कोणता, असे विचारले तर उत्तर कापसात नाही, सोयाबीनमध्ये सापडते. तेही नेपाळमार्गे. नेपाळमध्ये सोयाबीनचे पीक किरकोळ आहे. तरीही नेपाळ भारताला शुद्ध केलेले सोयाबीन तेल मोठ्या प्रमाणावर विकतो. अर्जेंटिनासारख्या देशांतून कच्चे तेल आणायचे, विराटनगर-वीरगंज पट्ट्यातील कारखान्यांत शुद्ध करायचे आणि साफ्टाच्या शून्य शुल्काने भारतात पाठवायचे, असा हा व्यवहार. करारानुसार अतिमागास देशात मालाच्या किमतीत ३० टक्के भर पडलेली असली पाहिजे. कच्चे तेल शुद्ध करताना इतकी भर खरोखर पडते का, हा तेल उद्योगाचा जुना आक्षेप आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये सोयाबीन उत्पादकांच्या असंतोषामुळे केंद्राने कच्च्या खाद्यतेलावरील मूळ शुल्क शून्यावरून २० टक्क्यांवर नेले. इतरांच्या तेलावर शुल्क जितके चढे, तितका नेपाळमार्गे येणाऱ्या तेलाचा नफा मोठा; त्यामुळे शुल्कवाढीनंतर तो ओघ एकदम फुगला. मे २०२५ च्या अखेरीस कच्च्या तेलावरील शुल्क पुन्हा निम्म्यावर आले. या मधल्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि विदर्भातील बहुतेक बाजार समित्यांत दर त्याच्या बरेच खाली होते.

येथे नेपाळला दोष देणे चूक ठरेल. करारातील पळवाट करार करणाऱ्यांनी ठेवली आणि कारखानदारांनी ती वापरली. हिमालयाच्या पायथ्याशी काही कारखाने चालले, काही हजार हातांना काम मिळाले, हाही प्रादेशिक सहकार्याचाच एक हेतू होता. प्रश्न असा की मूळ उत्पत्तीच्या नियमाची पडताळणी करणारी, दोन्ही देशांना मान्य असलेली यंत्रणा सार्कपाशी का नाही? काठमांडूमधील सचिवालय बैठकींची इतिवृत्ते सांभाळते. तेलाच्या टँकरचा हिशेब मागण्याचा अधिकार त्याला कोणी दिलेला नाही. आसियानही काही आदर्श नाही. तेथेही तांदूळ आणि साखरेवरून कुरबुरी चालतात. पण शुल्काचे टप्पे वर्षानुवर्षे आधी छापलेले असतात आणि ते पाळले जातात, एवढा फरक पडला की कारखानदार सीमेपलीकडे गुंतवणूक करण्यास धजतो.

या अनुभवावरून काहींनी असा निष्कर्ष काढला आहे की शेतकऱ्याने असल्या करारांपासून दूरच राहिलेले बरे. ४ नोव्हेंबर २०१९ रोजी बँकॉकमध्ये भारताने ‘आरसेप’ या पंधरा देशांच्या करारातून माघार घेतली तेव्हा हाच युक्तिवाद होता. न्यूझीलंडच्या दुधाची भीती दाखविली गेली आणि ती निराधार नव्हती. दूध उत्पादकासाठी माघार योग्य असेलही. पण कापूस हे विकण्यासाठीच पिकविले जाणारे पीक आहे. ते घरी खाता येत नाही, देशातील गिरण्या ते सगळे घेतीलच असे नाही, आणि १८६१-६५ च्या अमेरिकी यादवी युद्धात वऱ्हाडच्या कापसाचे भाव आकाशाला भिडले व युद्ध संपताच कोसळले तेव्हापासून या प्रदेशाचे नशीब बाहेरच्या बाजाराशी बांधलेले आहे. त्याला दार बंद करून घेण्याचा पर्याय कधी उपलब्धच नव्हता. दार केव्हा उघडे आणि केव्हा बंद असेल हे पेरणीपूर्वी कळावे, एवढीच त्याची मागणी असू शकते.

ती अवास्तव नाही, याचा दाखला भारताच्याच व्यवहारात आहे. मालदीवशी १९८१ मध्ये झालेल्या करारानुसार भारत त्या देशासाठी तांदूळ, गव्हाचे पीठ, साखर, कांदा, बटाटे, अंडी अशा जीवनावश्यक वस्तूंचा वार्षिक कोटा राखून ठेवतो. इतरांसाठी निर्यातबंदी असली तरी तो कोटा जातो. २०२४ मध्ये माले येथील सरकारशी संबंध बरेच ताणले गेले होते, ‘भारत बाहेर जा’ अशा घोषणा तेथे ऐकू आल्या होत्या, आणि भारतात कांद्यावर निर्यातबंदी होती. तरीही एप्रिल २०२४ मध्ये भारताने मालदीवसाठी त्या वर्षीचा कोटा जाहीर केला आणि तो करार झाल्यापासूनचा सर्वांत मोठा होता. राजकारण एका बाजूला आणि कांद्याची गोणी दुसऱ्या बाजूला ठेवता येते, हे त्यातून दिसले. डिसेंबर २०२२ मध्ये दोन्ही देशांच्या वाणिज्यमंत्र्यांच्या दिल्लीतील बैठकीत बांगलादेशने अशाच वार्षिक कोट्याची मागणी केली होती. ती मान्य झाली असती तर पुढच्याच वर्षीच्या कांदाबंदीत निदान एक खिडकी उघडी राहिली असती. त्या मागणीत कापूस आणणे अवघड नव्हते; अमुक इतक्या गाठी दर हंगामात अडविल्या जाणार नाहीत असे भारताने लिहून द्यायचे आणि अमुक इतके सूत व संत्री जुन्या शुल्काने घेतली जातील असे बांगलादेशने. पण तेव्हा मांडणारा कोणी नव्हता.

मांडणार तरी कोण? शेती हा राज्याचा विषय आणि परदेशी व्यापार केंद्राचा. सार्क वा बिमस्टेकच्या बैठकींना परराष्ट्र आणि वाणिज्य खात्याचे अधिकारी बसतात, उद्योजकांच्या महासंघांचे स्वतंत्र व्यासपीठही असते. कापूस पणन महासंघ, बाजार समित्या किंवा संत्रा उत्पादकांच्या संस्था यांना त्या दालनात जागा नाही. महाराष्ट्रातील खासदार कांदा पेटला की बोलतात आणि विझला की गप्प होतात. कापसाबाबत तर एवढेही घडत नाही, कारण कापसाचा भाव पडला म्हणून दिल्लीच्या मंडईत कोणी आरडाओरडा करीत नाही.

करोनाच्या काळात एक वेगळे चित्र दिसले होते. २०२० मध्ये पेट्रापोलचे रस्ते बंद पडले तेव्हा रेल्वेने मे महिन्यात लासलगावहून कांदा बांगलादेशातील दर्शनापर्यंत नेला आणि जुलैत गुंटूरची मिरची बेनापोलला पोहोचविली. त्यासाठी शिखर परिषद भरली नव्हती; दोन देशांच्या रेल्वे आणि सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी जमविलेले ते काम होते. वर्धा-यवतमाळ-नांदेड हा रेल्वेमार्ग पुसद-उमरखेड भागातून जाणार आहे आणि त्यातील वर्धा-कळंब टप्पा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला. पुढचे टप्पे झाले की महागाव तालुक्याच्या शेजारून गाठी थेट रेल्वेने पूर्वेकडे जाऊ शकतील. रूळ टाकणे हे यातील सोपे काम आहे.

दरम्यान एक तारीख आधीच ठरलेली आहे. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने नोव्हेंबर २०२१ मध्ये बांगलादेश आणि नेपाळ यांना अतिमागास देशांच्या यादीतून बाहेर काढण्याचा ठराव केला आणि त्यासाठी २४ नोव्हेंबर २०२६ हा दिवस नेमला. ढाक्यातील उद्योजकांनी ती पुढे ढकलण्याचा आग्रह धरला आहे. या यादीतून नाव निघाले की अतिमागास देश म्हणून साफ्टाखाली मिळणाऱ्या सवलतींचा आधार जातो. मग नेपाळी तेलाला ३० टक्क्यांची सैल अट राहत नाही, बांगलादेशी कपड्याला शून्य शुल्काचा हक्क राहत नाही आणि दोन्ही शेजाऱ्यांशी नव्याने बोलणी करावी लागतात. भारत आणि बांगलादेश यांनी २०२२ मध्ये सर्वंकष आर्थिक भागीदारी कराराची बोलणी सुरू करण्याचे ठरविले होते ते याचसाठी. त्या मसुद्यात कापूस, सूत आणि संत्र्यासाठी हंगामाचे वेळापत्रक घालायचे झाल्यास मुंबईहून दिल्लीला तसे पत्र आधी जावे लागेल. नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा फुलसावंगीत दुसऱ्या वेचणीचा असतो.